मगदूम अण्णांची कॉपी

मगदूम अण्णांच्या डोक्यात मी गुंडाळलेला पेपर हाणला आणि नेमक्या त्याच वेळी मुजावर मॅडम दारात आल्या.

"तुपेकाका!" त्या ओरडल्या. "अहो, एकाहत्तर वर्षांचा माणूस आहे तो!"

"मारू द्या हो," अण्णा डोकं चोळत म्हणाले. "आज मंगळवार. मी रविवार म्हणालो. मग मारणारच की."

"आणि आज मंगळवार आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"यांनीच."

"ते तर बोलत नाहीत."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "बोलत नाहीत? मग सकाळपासून मी भांडतोय कुणाशी?"

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. सव्वीस वर्षांची ती पोरगी कायम काहीतरी लिहीत असायची. माझ्या हातातला पेपर काढून घेतला, त्यावरचा वार बघितला, आणि पेपर परत माझ्याच हातात देऊन निघून गेली.

मला गप्प बसून नऊ आठवडे होत आले होते.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी विट्याचा, सर्जेराव तुपे. रिक्षावर भोंगा बांधून गावभर पुकारायचं हा माझा धंदा. नळाला पाणी कधी सुटणार, कुणाची शेळी हरवली, कुस्त्या कुठल्या मैदानात, कोण वारलं आणि माती किती वाजता, सगळं विट्याला माझ्या तोंडून कळायचं. तीस वर्षांत माझी जीभ एकदाही अडखळली नव्हती. चौसष्टाव्या वर्षी, एका सकाळी भोंग्याची दोरी आवळताना उजवा हात सुटला. मग उजवा पाय. मग मीच रिक्षाशेजारी आडवा झालो.

डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका आहे, मेंदूच्या डाव्या बाजूला. हातापायाचं मला इतकं वाटलं नाही. घात केला शब्दांनी. शब्द गेले नव्हते, पण जागेवर राहिले नव्हते. डोळ्यांसमोर चहा दिसायचा, कपबशीसकट, वाफेसकट. तो मागायला तोंड उघडलं की 'तहसीलदार' बाहेर पडायचा. पाणी मागितलं की 'पोलीस'. तरी मी प्रयत्न करत होतो. पण एके दिवशी शालनचे, म्हणजे माझ्या बायकोचे, थोरले भाऊ कडेगावहून मुद्दाम बघायला आले. हातात फळांची पिशवी. मला म्हणायचं होतं, "या, बसा." मी खणखणीत आवाजात म्हणालो, "दुःखद निधन."

चूक सुधारायला गेलो, तर परत तेच. या खेपेला वेळेसकट.

सगळा वॉर्ड हसला. मेहुणे फळं ठेवून उभ्या उभ्या निघून गेले. शालनही तोंडात पदर कोंबून हसली आणि मग तशीच रडायला लागली. त्या दिवशी मी ठरवलं, बास. ज्या तोंडावर गाव चाललं त्याच तोंडावर आता गाव हसणार असेल, तर ते उघडायचंच नाही.

त्या दवाखान्यातून मला मिरजेला पाठवलं. झटका आलेल्या म्हाताऱ्यांना हातपाय चालवायला, बोलायला, आठवायला पुन्हा शिकवायची तिथं सोय होती. मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. जेवायचो अर्धी भाकरी. नर्सबाया माझ्याशी हळू आणि मोठ्यानं बोलायच्या. "तु-पे-का-का, जे-व-ला-त-का?" कान शाबूत असलेल्या माणसाला याचा काय राग येतो ते झटका आल्याशिवाय कळायचं नाही. शालन दर शनिवारी एसटीनं यायची, गावाकडचं काहीबाही सांगायची, उत्तराची वाट बघायची आणि रिकामा डबा घेऊन जायची. बोलायला शिकवणाऱ्या मुजावर मॅडम समोर चित्रं धरायच्या. "हे काय आहे काका?" मला कळायचं, ती बादली आहे. मी भिंतीकडे वळायचो.

आणि मग शेजारच्या खाटेवर भूपाल मगदूम आले.

अण्णा मिरजेचेच. छत्तीस वर्षं मालगाडीवर गार्ड. त्यांचा झटका माझ्या उलटा. हातपाय जवळजवळ ठीक, काठी घेऊन चालायचे. आणि तोंडाला तर कसली अडचणच नाही. त्यांचं बिघडलं होतं ते आठवणीचं. जुनं सगळं पाठ, एकोणीसशे बहात्तर साली कुठल्या स्टेशनात गाडी किती तास तुंबली तेसुद्धा. पण सकाळी खाल्लेले पोहे दुपारी गायब. त्यामुळं मी बोलत नाही, हेही त्यांच्या लक्षात राहायचं नाही.

"तुपे, तुमच्या विट्याला रेल्वे का नाही हो?" ते विचारायचे. मी गप्प. ते माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि माझ्या वतीनं स्वतःच काहीतरी ठरवून भडकायचे. "असं कसं म्हणता? एसटी बरी? अहो, एसटीला गार्ड असतो का?"

कुणीतरी माझ्याशी भांडत होतं. हळू नाही, मोठ्यानं नाही, कीव करत नाही. साधं, सरळ भांडण. तिसऱ्या दिवशी त्यांनी एसटीला पत्र्याचा डबा म्हटलं तेव्हा मला इतका राग आला की मी उठून बसलो. आधाराशिवाय पहिल्यांदाच. त्या दिवशी मी दीड भाकरी खाल्ली.

अण्णांच्या बायको पद्माक्का रोज दुपारी यायच्या. बारीक चणीच्या, घाबरट बाई. अण्णांचा डोळा लागला की माझ्याजवळ खुर्ची ओढून बसायच्या. मुका माणूस म्हणजे लोकांना देवळातल्या मूर्तीसारखा वाटतो, त्याला काहीही सांगता येतं. नर्सबायांनी मला आपापल्या सासवांचं सांगितलं होतं. पद्माक्कांनी त्यांचं सांगितलं.

"तुम्ही कुणाला सांगणार नाही म्हणून सांगते. घर आमचं यार्डाला लागून. एका दुपारी हे जुना युनिफॉर्म घालून, हिरवा झेंडा घेऊन रुळांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. म्हणाले, गाडी काढायची आहे. शेजारच्यांनी ओढून आणलं. इथं आणायच्या आधी परत एकदा. तेव्हा मी एकटीनं ओढलं. गाडी लांब होती म्हणून." त्यांनी डोळे पुसले. "पोराला नाही सांगितलं, डॉक्टरांनाही नाही. सांगितलं तर कुठंतरी कोंडून ठेवतील हो यांना."

मी मान हलवली. मला तरी सांगणं कुठं जमणार होतं?

मग आला तो शुक्रवार. डॉक्टर साठ्ये आमच्या दाराबाहेर अण्णांच्या मुलाशी बोलत होते. मी कान टवकारले.

"पुढच्या गुरुवारी परत स्मरणशक्तीची परीक्षा घेतो," डॉक्टर म्हणाले. "तीस मार्कांची. मागच्या वेळी चौदा होते. आता जर बावीसच्या—"

तेवढ्यात जेवणाची ट्रॉली खडखडत गेली. तिच्या एका चाकाला कायमचा आजार होता.

"—तर शनिवारी घरी न्या," डॉक्टरांचं वाक्य संपलं.

बावीसच्या खाली गेले, तर हा माणूस सुधारत नाही म्हणून घरी काढणार. घर यार्डाला लागून. शिवाय, खरं सांगायचं तर, ते गेले असते तर मी पुन्हा भिंतीकडे वळलो असतो, आणि ती भिंत मला पाठ झाली होती.

त्या दुपारपासून मी मगदूम अण्णांचा अभ्यास घ्यायला सुरुवात केली.

बोलायचं नाही, आणि डाव्या हातानं लिहायला गेलो तर अक्षरंही शब्दांसारखीच वाकडी पडायची. मग उरलं काय? बोट, डोळे आणि गुंडाळलेला पेपर. सकाळी उठल्या उठल्या कॅलेंडरवर बोट. अण्णांनी वार, तारीख, महिना मोठ्यानं म्हणायचा. तासाभरानं परत. चुकले की पेपर. जेवण झालं की मी पोटावरून हात फिरवून भुवया उंचावायचो. काय खाल्लं?

"आमटी," अण्णा म्हणायचे.

मी मान हलवायचो.

"भात? पिठलं? बासुंदी?"

बासुंदी त्या संस्थेच्या इतिहासात कधी झाली नव्हती. पेपर.

नर्सबायांची नावं, आमच्या खोलीचा नंबर, समोरच्या खिडकीत वाळत टाकलेले कपडे, सगळं मी घोकून घेतलं. आधी पाच वस्तू खाटेवर मांडायच्या, वर टॉवेल टाकायचा, आणि त्यांनी आठवून सांगायच्या. चष्मा, साबण, कंगवा, केळं, चप्पल. तिसऱ्या दिवशी अण्णांनी पाचही सांगितल्या. टॉवेल काढून बघतो तर केळं नव्हतं. ते त्यांनी खाल्लं होतं. खाल्लेलं आठवत नव्हतं, पण 'केळं' आठवत होतं. मी त्यांना पूर्ण मार्क दिले.

पण माझा त्यांच्यावर भरवसा नव्हता. म्हणून बुधवारी मी दुसरा बेत केला. परीक्षेच्या वेळी मी डॉक्टरांच्या पाठीमागे खिडकीपाशी बसायचं. अण्णा अडले की त्यांनी माझ्याकडे बघायचं. मी खुणेनं सांगायचं. हे त्यांना समजावायला मला अर्धा तास लागला.

"म्हणजे कॉपी?" अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. "अहो, मॅट्रिकला मी अशीच केली होती. पकडलो होतो."

गुरुवारी अकरा वाजता परीक्षा सुरू झाली. डॉक्टर टेबलाशी, अण्णा समोर, मुजावर मॅडम कडेला वही घेऊन. मी माझी चाकाची खुर्ची ढकलत खिडकीपाशी नेली आणि बाहेर बघत असल्यासारखं केलं.

"आज वार कुठला?"

"गुरुवार," अण्णा म्हणाले आणि सवयीनं डोकं खाली घालून घेतलं.

तारीख बरोबर. महिना बरोबर. आपण कुठल्या गावात आहोत, कितव्या मजल्यावर आहोत, बरोबर. घड्याळाचं चित्र काढलं, तेही बरं आलं, फक्त काटे तीन काढले. मग डॉक्टर म्हणाले, "आता पाच शब्द सांगतो. दहा मिनिटांनी विचारेन. मोर, चमचा, लिंबू, देऊळ, सायकल."

दहा मिनिटं त्यांनी दुसरंच काहीबाही विचारलं. मग म्हणाले, "हं. ते पाच शब्द?"

"मोर," अण्णा लगेच म्हणाले. "चमचा." मग थांबले. "लि..." म्हणाले, आणि एवढ्यात त्यांना आठवलं की आपण कॉपी करणार आहोत. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी डाव्या हातानं लिंबू पिळलं. जोरात. आणि आंबट तोंड केलं, डोळे मिटून, दात विचकून.

अण्णांनी ते नीट बघितलं. "मूळव्याध," ते म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "पुढचा?"

देवळाला दोन हात लागतात. माझ्याकडे एकच चालता होता. मी तो डोक्यावर तिरपा धरला आणि अर्धं देऊळ दाखवलं.

"पोलीस," अण्णा म्हणाले. "सलाम करतोय."

माझा घाम निघाला. राहिली सायकल. आता चुकायचं नाही म्हणून मी चांगल्या पायानं पायडल मारायला सुरुवात केली. एक फेरी, दोन फेऱ्या. खुर्चीला ब्रेक लावलेला नव्हता, आणि खिडकीकडची फरशी टेबलाच्या बाजूला उतरती होती, हे मला तिसऱ्या फेरीला कळलं. मी निघालो. हात हवेत, पाय पायडलवर, आणि थेट डॉक्टर साठ्यांच्या पाठीत.

"शंटिंग! डब्याला डबा लागला!" अण्णा आनंदानं ओरडले.

डॉक्टरांची पेन्सिल मोडली. मुजावर मॅडमनी वही तोंडासमोर धरली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, संपलं सगळं. डॉक्टरांनी मला परत खिडकीपाशी नेऊन ठेवलं, ब्रेक लावला, आणि काही न बोलता बेरीज केली. मग हसले.

"मगदूम, चोवीस! शाब्बास!"

मी डावा हात मांडीवर आपटला. बावीसच्या वर! जिंकलो!

"बावीसच्या वर गेले तर घरी सोडायचं असं मी तुमच्या मुलाला म्हणालोच होतो," डॉक्टर म्हणाले. "शनिवारी जा घरी."

ती ट्रॉली. तिचं ते चाक.

शुक्रवारी अण्णांनी पिशवी तीनदा भरली. भरायचे, आणि थोड्या वेळानं विचारायचे, "ही पिशवी कुणी भरली?" मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो. ज्या माणसाला मी घोकून घेऊन, वर कॉपीचा घाट घालून पास केलं होतं, तो उद्या यार्डाशेजारी राहायला जाणार होता. झेंड्याचं फक्त दोघांना माहीत होतं. पद्माक्का सांगणार नव्हत्या आणि मी सांगू शकत नव्हतो. दुपारी त्या आल्या. मी त्यांच्याकडे रोखून बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

शनिवारी सकाळी दहाला सगळे खोलीत जमले. पद्माक्का, मुलगा, डॉक्टर, मुजावर मॅडम. अण्णा केस विंचरून, बूट घालून तयार. दारात दोन नर्स निरोप द्यायला. मुलानं पिशवी उचलली.

"डॉक्टर," मी म्हणालो.

सगळे वळले. पहिला शब्द बरोबर आला होता. त्यानंच माझी फसगत झाली. मला वाटलं, बाकीचेही येतील.

"डॉक्टर, आम्ही चटणी केली."

मुलानं पिशवी खाली ठेवली.

"चटणी?" डॉक्टर म्हणाले.

"परीक्षेत. मी आणि अण्णा. दोघांनी मिळून. चटणी!"

"डब्यातून आणली होती का?" मुलानं विचारलं.

"डबा नाही! मी पोपट केला, हातानं," मी डावा हात नाचवला, "आणि यांनी बघून बघून सांगितलं!"

दारातल्या नर्सला हसू आवरेना. ऐकू आलं मला. नऊ आठवडे ज्याला भीत होतो तेच हसू. पण आता थांबायला वेळ नव्हता.

मुजावर मॅडम पुढं आल्या. हळू नाही, मोठ्यानं नाही, साध्या आवाजात म्हणाल्या, "काका, कॉपी म्हणायचंय का?"

"हां! तेच! चटणी!"

"काय म्हणाले हे?" अण्णा ताडकन उभे राहिले. "मी कॉपी केली? मी? छत्तीस वर्षांत माझ्या गाडीचा एक डबा हरवला नाही!"

"अण्णा, थांबा," मी म्हणालो. "घरी नको. डॉक्टर, घरी नको पाठवू. हे हिरवी साडी घेऊन जातात."

"हिरवी साडी?" मुलगा आईकडे बघायला लागला.

पद्माक्कांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना कळलं होतं.

"साडी नाही. ते हे... घेऊन जातात आणि मधे उभे राहतात. दोन नाड्या असतात ना? लांब. लोखंडाच्या नाड्या. त्यांच्या मधे!" शब्द जिभेच्या मुळाशी होता. मी डाव्या हातानं हवेत दोन रेघा ओढल्या. मग छाती भरून घेतली आणि इंजिनाची शिट्टी मारली, लांबलचक, भोंग्यावर पुकारायचो त्या आवाजात. खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. आणि त्या शिट्टीच्या मागोमाग शब्द बाहेर पडला.

"रूळ," मी म्हणालो. "रुळावर. हे रुळावर उभे राहतात."

आता कुणी हसलं नाही.

"दोनदा," पद्माक्का एकदम म्हणाल्या. "दोनदा उभे राहिले. मी कुणाला बोलले नाही." आणि त्या अण्णांच्या खाटेवर बसल्या.

डॉक्टरही शेजारी बसले. त्यांनी एक एक करून सगळं विचारून घेतलं, किती वाजता, युनिफॉर्म कुठं असतो, दाराला कडी कशी आहे. पद्माक्का पहिल्यांदाच न घाबरता उत्तरं देत होत्या. मुलगा नुसता ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आई, मी कोंडून ठेवेन असं वाटलं तुला?"

"आणि ही चटणी?" डॉक्टर माझ्याकडे वळले.

मुजावर मॅडमनी वही उघडली. "मी सगळं टिपून ठेवलंय सर. मगदूमकाकांनी तुपेकाकांकडे तीनदा बघितलं. तिन्ही वेळा उत्तर चुकलं. मूळव्याध, पोलीस आणि शंटिंग. जे चोवीस मार्क पडले ते न बघता पडले." त्या माझ्याकडे वळल्या. "काका, त्यांनी 'लि' म्हटलं होतं. तुम्ही तोंड वाकडं केलं नसतं तर लिंबूही आलं असतं."

"म्हणजे मी पास?" अण्णांनी विचारलं.

"स्वतःच्या डोक्यानं पास," मॅडम म्हणाल्या. "चौदाचे चोवीस मी नाही केले. आठवडाभर यांनी तुमचा अभ्यास घेतला. पेपर मारायचं सोडलं तर असंच घ्यायला हवं होतं."

डॉक्टरांनी अण्णांना घरी सोडलंच, पण नुसतं नाही. युनिफॉर्म आणि झेंडा मुलाच्या घरी जाणार. दाराला वरच्या बाजूला दुसरी कडी. शेजाऱ्यांना सगळं सांगून ठेवायचं, लपवायचं नाही. खिशात नाव-पत्त्याचं कार्ड. रोज संध्याकाळी मुलाबरोबर फिरायला जायचं, ते यार्डाच्या उलट्या बाजूला. आणि आठवड्यातून दोनदा इथं सरावाला. पद्माक्का सगळ्याला मान हलवत होत्या. त्यांच्या पाठीवरचं काहीतरी उतरल्यासारखं दिसत होतं.

अण्णांचं मात्र काही उतरलं नव्हतं. काठी टेकत ते माझ्यासमोर आले.

"मला चोर म्हणालात. पोराबाळांसमोर. आता मी तुमच्याशी बोलणार नाही तुपे."

"अण्णा, ऐका—"

"नाही. आता तुम्ही बोला किती बोलायचं ते. मी गप्प."

आणि खरंच गप्प बसून ते निघून गेले. त्या माणसाला गप्प मी तेवढ्याच वेळेला बघितलं.

खोली रिकामी झाल्यावर माझं दाराकडे लक्ष गेलं. शालन उंबऱ्यात खाली बसली होती, मांडीवर डबा. कधी आली होती कोण जाणे.

"किती वेळ झाला?" मी विचारलं. निदान मला तसं विचारायचं होतं. काय निघालं ते आठवत नाही, त्यात दोडका होता एवढं नक्की.

"शिट्टीच्या आधी आले," ती म्हणाली. "परत बोला."

"काय?"

"काहीही."

मी तिला विट्याच्या सगळ्या बातम्या विचारल्या. शेजारणीचं बाळंतपण, नळाचं पाणी, भोंग्याची रिक्षा कुठं लावली. निम्मी भाजी, निम्मे सरकारी अधिकारी बाहेर पडले. तिनं एकदाही 'काय म्हणालात' असं विचारलं नाही. सगळ्याला उत्तरं दिली. मधे दोनदा हसली, आणि मीही हसलो. जेवायचं राहून गेलं.

त्यानंतर मुजावर मॅडमनी बादलीचं चित्र धरलं की मी "ताम्हण" म्हणायचो, त्या "जवळ आलात" म्हणायच्या, आणि आम्ही तसं करत करत बादलीपर्यंत पोचायचो. अण्णा सरावाला यायचे ते सकाळच्या गटात, मी दुपारच्या. त्यांनी माझी कधी चौकशी केली नाही. मला वाटलं, विसरले. तसा त्यांचा आजारच तो.

तीन आठवड्यांनी मला सोडलं. काठी घेऊन चालायला लागलो होतो. एसटी स्टँडला जाताना शालनला म्हटलं, जरा यार्डाकडे वळू.

अण्णांचं घर छोटंसं, पुढं कठडा. दाराला वर नवी कडी दिसली. शालननं हाक मारली. दार अण्णांनीच उघडलं. माझ्याकडे बघितलं. खालपासून वरपर्यंत. माझी काठी, माझा वाकडा हात, माझं तोंड. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी मनातल्या मनात स्वतःचं नाव घोळवत होतो, निदान ते तरी बरोबर यावं म्हणून.

अण्णा मागं वळून ओरडले, "पद्मा! चहा टाक. तो आलाय."

"कोण आलंय?" आतून आवाज आला.

"नाव नाही आठवत. पण आमचं भांडण आहे."

पद्माक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. मला बघून त्यांना हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. "कसलं भांडण?" त्यांनी अण्णांना मुद्दाम विचारलं.

अण्णांनी खूप विचार केला. कपाळ चोळलं. मग काठीनं माझ्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं.

"ते यांनाच विचार. यांना सगळं पाठ असतं."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी खुर्चीत बसलो, काठी कठड्याला टेकवली, आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. दीड तास लागला. चहा दोनदा झाला, आणि आमची विट्याची एसटी चुकली.